१० बाय १६ च्या हॉलसाठी जुना ५.१ रिसीव्हर बदलायचा आहे: सिनेमा आणि गाणी दोन्हींसाठी

माजिवडा_५५

नमस्कार मंडळी. ठाण्यात टू बीएचके फ्लॅट आहे, हॉल १० बाय १६ फूट. टीव्ही लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, त्यामुळे बसल्यावर कानापासून टीव्ही जेमतेम ८ फुटांवर येतो. डाव्या हाताला बाल्कनीचा सरकता दरवाजा, उजव्या हाताला डायनिंगची मोकळी जागा. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. पुढच्या महिन्यात पीओपीचं काम सुरू होतंय, म्हणून वायरिंगचा निर्णय त्याआधी घ्यायचा आहे.

सध्याचा रिसीव्हर (स्पीकर चालवणारा होम थिएटरचा ॲम्प) २०१३ चा ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफरचा आहे, एचडीएमआय १०८०पी पर्यंतच. त्यामुळे ॲपल टीव्ही ४के, पीएस५ आणि सेट-टॉप बॉक्स असं सगळं थेट टीव्हीला जोडलंय (एलजी सी१, २०२१ चा) आणि आवाज ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला जातो. पुढचे स्पीकर बुकशेल्फ, ६ ओहम, ८७ डीबी. सेंटर त्याच मालिकेतला, सराउंड (बाजूचे-मागचे) छोटे, सब (सबवूफर, खालच्या सुरांचा स्पीकर) ८ इंची पोर्टेड, म्हणजे डब्याला भोक असलेला.

निम्मा वेळ सिनेमे आणि निम्मा वेळ गाणी चालतात. गाण्यांत शास्त्रीय आणि नाट्यसंगीत जास्त. रिसीव्हरचं बजेट ९० हजार, स्पीकर सध्या तेच ठेवणार. प्रश्न असे:

दुकानदार म्हणतो की गाण्यांसाठी चॅनेलमागे १५० वॅट तरी हवेतच. खरं का? ७.१ करू (मागे आणखी दोन स्पीकर) की ५.१.२ (छतात दोन)? गाण्यांसाठी वेगळा स्टीरिओ ॲम्प लागेल का? खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, तर सबचं काय करावं?

ऐरोली_ॲम्प

वॅटचा मुद्दा आधी, कारण बजेटमधले सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात.

खोक्यावरचे १५० वॅट कोणत्या अटींवर मोजलेत ते वाचा. बहुतेक वेळा एकच चॅनेल चालू, १ किलोहर्ट्झचा सूर, ६ ओहम आणि १० टक्के डिस्टॉर्शन अशी ती मोजणी असते. तुलना करायचा आकडा वेगळा: दोन चॅनेल एकाच वेळी, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, ०.१ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन. डेनॉन एव्हीआर-एक्स१८००एच या मोजणीत ८० वॅटचा आहे आणि एक्स२८००एच ९५ वॅटचा. ऐकताना हा फरक पाऊण डेसिबलसुद्धा भरत नाही. वॅट दुप्पट केले तर ३ डीबी वाढतात, एवढं लक्षात ठेवलं की दुकानात फसगत होत नाही.

आता तुमच्या खोलीचा हिशोब. ८७ डीबीचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डीबी देतो. ८ फुटांवर, बंद खोलीत, त्यातले साधारण ६ जातात, म्हणजे कानापाशी ८१ उरतात. घरात जोरात लावलं तरी शिखरं ८५ ते ९० डीबीला पोचतात. त्याला ३ ते ८ वॅट पुरतात. पूर्ण ८० वॅट वापरले तर एकेक स्पीकर १०० डीबीला जाईल, आणि फ्लॅटमध्ये तिथवर कोणी जात नाही. शिवाय ८० हर्ट्झच्या खालचं सगळं काम सबकडे दिलं की रिसीव्हरवरचा सगळ्यात मोठा भार उतरतो. त्यामुळे वॅट हा मुद्दा तुमच्यापुरता निकालात निघाला. ६ ओहमची भीतीही बाळगू नका. काही रिसीव्हरमध्ये इम्पिडन्सचं ४ ओहमचं सेटिंग असतं, ते मात्र लावू नका. त्याने आतला व्होल्टेज खाली येतो आणि आवाज लवकर दमतो.

पैसे खोलीची दुरुस्ती करणाऱ्या सॉफ्टवेअरवर आणि जोडणीवर घाला. एक्स१८००एच आणि एक्स२८००एच या दोघांतही ऑडिसी मल्टईक्यू एक्सटी हेच दुरुस्तीचं सॉफ्टवेअर आहे. म्हणून एक्स२८००एच घ्यायचं कारण दुसरं एचडीएमआय आउटपुट किंवा दुसऱ्या खोलीतल्या वेगळ्या ॲम्पसाठी आउटपुट हवं असणं एवढंच. तुम्हाला दोन्ही नकोत, मग एक्स१८००एच. यामाहा आरएक्स-व्ही६ए आणि ऑनक्यो टीएक्स-एनआर६१०० हे दोन्ही ७.२ आहेत, चांगले आहेत, पण तुमच्यासारख्या कडक, छोट्या खोलीत मी ऑडिसीला पसंती देईन, कारण फोनवरच्या मल्टईक्यू एडिटर ॲपमधून दुरुस्ती किती हर्ट्झपर्यंत करायची हे ठरवता येतं. ॲपचे पैसे वेगळे पडतात, तरी घ्याच. आरएक्स-व्ही४ए स्वस्त दिसेल, पण तो ५.२ आहे आणि त्यात ॲटमॉस (छतातले स्पीकरही वापरणारा डॉल्बीचा आवाज) नाही.

खरी मोठी उडी घ्यायची तर ती एक्स३८००एचपाशी येते: ९ ॲम्प, सगळ्या चॅनेलचे प्री-आउट (बाहेरचा ॲम्प जोडायचे आउटपुट), चार स्वतंत्र सब आउट, बारीक फिल्टरचं ऑडिसी एक्सटी३२, आणि वेगळे पैसे भरून डिरॅक लाइव्ह हे दुसरं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर. ते तुमच्या बजेटच्या बरंच पुढे आहे. तेवढा फरक आधी दुसऱ्या सबवर खर्च केला तर या हॉलमध्ये जास्त ऐकू येईल.

जोडणी. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल प्लस जातच नाही, त्यामुळे आज तुम्हाला ॲटमॉस मिळत नाही. टीव्हीच्या आतल्या नेटफ्लिक्स-प्राइमचा ॲटमॉस साध्या आर्कनेही (एचडीएमआयमधून टीव्हीचा आवाज रिसीव्हरला नेणारी सोय) जातो. ॲपल टीव्हीचं तसं नाही. तो ॲटमॉस पीसीएमच्या (न दाबलेल्या आवाजाच्या) रूपात पाठवतो, त्याला टीव्हीमार्गे नेलं तर ई-आर्कच (आर्कची जास्त क्षमतेची आवृत्ती) लागतं. म्हणून ॲपल टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स सरळ रिसीव्हरला जोडा. आणखी एक गोष्ट तुमच्या टीव्हीबद्दल: २०२१ च्या एलजी ओलेडमध्ये डीटीएस (डिस्कवर असणारा आवाजाचा दुसरा प्रकार) नाही. पीएस५ वर डिस्क बघत असाल तर तोही रिसीव्हरच्या ८के लिहिलेल्या इनपुटला जोडा. ते इनपुट ४० गिगाबिटचं आहे आणि पीएस५ ३२ च्या पुढे जात नाही, त्यामुळे १२० हर्ट्झ अडणार नाही. रिसीव्हरमधून टीव्हीच्या एचडीएमआय २ ला केबल, सी१ मध्ये ई-आर्क तिथेच आहे.

नवीन रिसीव्हर लावल्यावर चित्र फिकं दिसतं, डॉल्बी व्हिजन येत नाही, १२० हर्ट्झचा पर्याय गायब होतो, अशा तक्रारी बहुतेक एका सेटिंगमुळे येतात. रिसीव्हरच्या व्हिडिओ मेनूत ४के/८के सिग्नल फॉरमॅट स्टँडर्डवर असेल तर ८के एन्हान्स्ड करा. टीव्हीत त्या पोर्टचा डीप कलर चालू, सिंपलिंक (एलजीचं एचडीएमआय कंट्रोल) चालू, ई-आर्क चालू, आणि डिजिटल साउंड आउटपुट पास थ्रूवर. ऑटोवर ठेवलं तर टीव्ही मध्येच आवाजाचं रूपांतर करतो.

घेताना भारतातली वॉरंटी आणि सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन खूप स्वस्त दिसणारा नग अमेरिकेतून आणलेला असू शकतो. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलेलं असलं तर तो आपल्या २३० व्होल्टला थेट लावायचा नाही, आतला पॉवर सप्लाय जळतो. जुना घेणार असाल तर २०२० च्या शेवटी आलेले पहिले ८के रिसीव्हर टाळा. त्यांतल्या एचडीएमआय चिपमुळे एक्सबॉक्स सिरीज एक्सचं ४के १२० चित्र काळं पडायचं.

खारघर_बास

मॉडेल ठरलं असं धरून खोलीकडे वळू. तुमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे, हीच या सेटअपमधली सगळ्यात मोठी अडचण.

१० फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा सूर अडकतो, आणि त्याचा दुप्पट ११२ हर्ट्झचाही. भिंतीलगत दाब सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे डोकं भिंतीपाशी असलं की हे दोन सूर फुगून ऐकू येतात. डग्ग्याचा घुमारा साधारण याच भागात असतो. मग तबला भांड्यात वाजवल्यासारखा येतो आणि माणूस रिसीव्हरला दोष देतो. सोफा एक फूट तरी पुढे घ्या. दीड फूट जमला तर उत्तम. हा खर्च शून्य आहे आणि कोणत्याही मॉडेलबदलापेक्षा जास्त फरक पाडतो.

७.१ विसरा. बॅक सराउंडना तुमच्या डोक्यामागे किमान ४-५ फूट मोकळे हवेत, ते नाहीत. ५.१.२ करा, पीओपी होतच आहे तर छतातले दोन स्पीकर बसवून टाका. बाल्कनीच्या बाजूला भिंत नाही, म्हणून सराउंड मागच्या भिंतीच्या दोन्ही टोकांना, कानाच्या वर दीड-दोन फूट, तोंड सोफ्याच्या मध्याकडे वळवून लावा. दोघांची उंची आणि कोन सारखाच ठेवा. एक स्टँडवर आणि एक भिंतीवर असं करू नका.

सबची जागा शोधायची जुनी युक्ती अजूनही सगळ्यात भरवशाची आहे: सब सोफ्यावर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ३० ते १०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकणारा सूर) लावा आणि जिथे जिथे सब ठेवता येईल तिथे जमिनीलगत कान नेऊन ऐका. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात ती जागा. कोपऱ्यात जोर जास्त मिळतो पण घुमणंही तिथेच जास्त.

आता ऑडिसी चालवण्याआधी. सबच्या मागचं लो-पास (वरचे सूर कापणारं) बटण पूर्ण उजवीकडे किंवा एलएफईवर, फेज ०, ऑटो स्टँडबाय बंद. चाचणीत रिसीव्हर सबची पातळी ७५ डीबीपाशी आणायला सांगेल, तेव्हा सबचं व्हॉल्यूम फिरवा. रिसीव्हरसोबतचा माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, टोक छताकडे. हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. पंखा, एसी, फ्रिज बंद, खिडक्या लावलेल्या. आठही जागा मोजा. पहिली जागा तुमची मधली बैठक, कारण अंतर आणि पातळी तिच्यावरूनच ठरते. बाकीच्या सात साधारण दोन फुटांच्या परिघात, आणि कोणतीही मागच्या भिंतीपासून ३० सेंमीच्या आत नको. खालच्या बाळाचा विचार करून हे सकाळी ११ च्या सुमारास करा, सबचे टेस्ट टोन मोठे असतात.

मोजणी झाल्यावर मेनूत जाऊन तपासा. सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा तीन-चार फूट जास्त दाखवेल. ते बरोबर आहे, सबच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ रिसीव्हर अंतरात मोजतो. बदलू नका. पुढचे स्पीकर लार्ज केले असतील तर स्मॉल करा आणि सगळे क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात तो आकडा) ८० हर्ट्झला आणा. छोट्या सराउंडला १००-१२० दाखवलं असेल तर तेवढंच राहू द्या. वर नेलेलं चालतं, मोजलेल्या आकड्याच्या खाली आणायचं नाही. सबची पातळी -१२ दिसली तर त्याचं व्हॉल्यूम फार वर आहे, कमी करून पुन्हा मोजा. फेज एरर आला तर त्या स्पीकरची लाल-काळी वायर बघा. बरोबर असेल तर स्किप करून पुढे जा, छताच्या स्पीकरला हा एरर उगाच येतो.

खालच्या मजल्याचं. सबखाली जाड रबर-फोमचं पॅड ठेवलं की टाइलमधून जाणारी थरथर कमी होते, पण हवेतून स्लॅबला बसणारा बास पॅडने थांबत नाही. तो थांबवायचा एकच मार्ग, पातळी. रात्री डायनॅमिक व्हॉल्यूम (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारं सेटिंग) लाइट किंवा मीडियमवर ठेवा, सब ४-५ डीबीने खाली घ्या. पोर्टमध्ये घट्ट फोम किंवा गुंडाळलेला मोजा बसवला तरी सगळ्यात खालचा घुमारा कमी होतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची कायदेशीर मर्यादा ४५ डीबी आहे, पण बाळासाठी तेवढीही जास्त. खालच्यांना एकदा वर बोलावून, सिनेमा लावून, त्यांच्या घरात किती ऐकू येतं ते दोघांनी मिळून ठरवा. आकड्यांपेक्षा तेच उपयोगी.

माजिवडा_५५

दोघांचेही मनापासून आभार. सोफा आजच पुढे घेतला, तेवढ्यानेच तबला बराच मोकळा झाला. आता पीओपीवाल्याला नेमकं काय सांगू? वायर कोणती, स्पीकरची जागा कुठे? आणि टीव्ही युनिट १४ इंच खोल आहे, शटरवालं. त्यात रिसीव्हर बसेल ना? दुसरं, सध्याच्या सेटअपमध्ये सेट-टॉप बॉक्स लावला की स्पीकरमधून बारीक गुणगुण येते, ती नव्या रिसीव्हरमध्ये जाईल का?

नेरुळ_वायरमन

युनिटपासून सुरू करतो, कारण तिथे नव्याने सुताराला बोलवावं लागेल. एक्स१८००एच ४३४ मिमी रुंद, १५१ उंच आणि ३३९ खोल आहे. ३३९ म्हणजे जवळपास साडेतेरा इंच. मागे एचडीएमआय आणि बनाना प्लगला (स्पीकर वायरच्या टोकाचा प्लग) आणखी ५-६ सेंमी हवेत. १४ इंचात बसणार नाही. १६ इंच खोली आणि मागची प्लायची पाठ कापलेली, असं करून घ्या. वर किमान १० सेंमी मोकळे, शटर काढून टाका किंवा जाळीचं करा. बंद कप्प्यात आपल्याकडच्या मे महिन्यात रिसीव्हर तापून स्वतःहून बंद पडतो आणि लोक तो बिघडला समजून सर्व्हिस सेंटरला नेतात. अगदीच बंद ठेवायचा असेल तर मागच्या बाजूला १२० मिमीचा यूएसबी पंखा, गरम हवा बाहेर ओढेल असा लावा. मागचे दोन अँटेना उभे करायचे विसरू नका, वायफाय सारखं तुटतं त्याचं कारण बहुधा तेच.

पीओपीवाल्याला ग्रिड बांधायच्या आधी सांगायचं. छतातले स्पीकर कानाच्या रेषेपासून १ ते २ फूट टीव्हीच्या बाजूला आणि पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या सरळ रेषेत. बरोबर डोक्यावर किंवा मागे नको. बहुतेक स्पीकरना १०० मिमीच्या आसपास खोली लागते, म्हणून पीओपी स्लॅबपासून ५ इंच खाली ठेवायला सांगा. स्पीकर आधी विकत घेऊन त्याचा कटआउटचा कागदी साचा त्याच्या हातात द्या, अंदाजाने भोक पाडू देऊ नका. साडेबारा मिमीच्या जिप्सम बोर्डवर स्पीकर नुसता लटकवला तर सहा महिन्यांत झिणझिण सुरू होते. बोर्डच्या वर १२ मिमी प्लायची चौकट जीआय चॅनेलला स्क्रूने पक्की करून घ्या. कोव्हच्या एलईडी पट्टीचा ड्रायव्हर स्पीकरजवळ नको.

वायर शुद्ध तांब्याची, १४ गेज. १० मीटरच्या ओढीत जाऊन-येऊन २० मीटर होतात. १६ गेजला त्यात पाव ओहम जातो, १४ गेजला ०.१७ च्या आसपास. ८ ओहमच्या स्पीकरला १६ सुद्धा चालतं, पण तुमचे ६ ओहमचे आहेत आणि पीओपीच्या आत एकदाच टाकायची आहे. बाजारात स्वस्तात मिळते ती बहुतेक ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने एक तार खरवडा, आतून चंदेरी दिसली तर परत करा. पीव्हीसी पाइप २५ मिमीचा, विजेच्या पाइपपासून समांतर जाताना एक फूट लांब, ओलांडायचाच असेल तर काटकोनात. दोन्ही टोकांना तीन-तीन फूट वायर जास्त सोडा आणि प्रत्येक टोकावर चिठ्ठी चिकटवा. पीओपी बंद होण्याआधी एका टोकाला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, स्पीकरमधून टक्‌ असा आवाज आला की वायर शाबूत. भविष्यातल्या दुसऱ्या सबसाठी एक कोॲक्स केबल त्याच वेळी टाकून ठेवा.

एचडीएमआय केबल रिसीव्हर ते टीव्ही २ मीटरच्या आत असेल तर अल्ट्रा हाय स्पीड लिहिलेली साधी तांब्याची पुरते. ५ मीटरच्या पुढे ऑप्टिकल फायबरवाली, आणि तिला दिशा असते, टीव्हीचं टोक टीव्हीलाच.

गुणगुण. आधी सेट-टॉप बॉक्सच्या मागची डिशची कोॲक्स काढा. आवाज थांबला तर दोष इमारतीच्या सामाईक केबलच्या अर्थमध्ये आहे, रिसीव्हर बदलून तो जाणार नाही. कोॲक्सवर ग्राउंड आयसोलेटर लावा, पण डिशच्या एलएनबीला (डिशवरचा सिग्नल पकडणारा भाग) वीज त्याच केबलमधून जाते, म्हणून डीसी पास होणाराच घ्या, साधा केबल टीव्हीचा चालत नाही. कोॲक्स काढूनही गुणगुण राहिली तर रिसीव्हर, टीव्ही आणि सब एकाच एक्स्टेन्शनवर आणून बघा. तरीही असेल तर इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या. २-३ व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचं काम आधी. सबची अर्थ पिन काढून टाकणं हा उपाय काही जण सांगतात. तो जिवावर बेतू शकतो, करू नका.

बनाना प्लग सोल्डर केलेले किंवा स्क्रूने घट्ट आवळलेले घ्या. खाडीकडच्या दमट हवेत उघड्या तारा हिरव्या पडतात, पावसाळा संपला की एकदा सगळे प्लग काढून पुसून परत लावा.

ऐरोली_ॲम्प

वेगळ्या स्टीरिओ ॲम्पचा प्रश्न राहिला होता. एक्स१८००एचला पुढच्या चॅनेलचे प्री-आउट नाहीत, त्यामुळे तो घेतल्यावर पुढे ॲम्प जोडायची वाट बंद होते. पण ८७ डीबीचे बुकशेल्फ ८ फुटांवरून ऐकताना त्या ॲम्पने फार काही हाती लागणार नाही. गाणी प्युअर डायरेक्टवर ऐकू नका, त्यात खोलीची दुरुस्ती बंद होते आणि ५६ हर्ट्झचा फुगवटा परत येतो. स्टीरिओ मोडच वापरा. डायनॅमिक ईक्यू (कमी आवाजात बास भरून काढणारं ऑडिसीचं सेटिंग) गाण्यांना बास जास्त चढवतो, म्हणून त्यातला रेफरन्स लेव्हल ऑफसेट १० किंवा १५ ठेवा, सिनेमाला परत ०. ॲपमध्ये दुरुस्ती ५०० हर्ट्झपर्यंतच मर्यादित करून एकदा ऐका. गायकाचा आवाज आणि तानपुऱ्याच्या वरच्या सुरांची झळाळी स्पीकरची मूळची राहते, आणि बास मात्र आटोक्यात येतो. ज्या पद्धतीत तानपुरा आणि आवाज वेगळे, स्पष्ट ऐकू येतात ती ठेवा.

ब्लूटूथपेक्षा एअरप्ले किंवा पेनड्राइव्हवरच्या एफएलएसी (दर्जा न घटवता साठवलेल्या) फाइल्स चांगल्या, तो रिसीव्हर २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत वाजवतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला चालतो.